तळटीप : ह्यूमसाहेब

१. ‘ह्यूमसाहेब’ : रेव्ह. डॉ. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम (1847–1929). काँग्रेसचे संस्थापक अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम ते हे नव्हेत; नावांच्या सारखेपणामुळे घोटाळा होतो. अमेरिकन मराठी मिशनमधील दांपत्याचा हा मुलगा मुंबईत जन्मला, शिकला मात्र येल आणि अँडोव्हर येथे. 1874 मध्ये ते अहमदनगरला (नगरला) आले आणि 1878 मध्ये येथे धर्मशिक्षणाचे विद्यालय (‘सेमिनरी’) काढले. कवी ना. वा. टिळक पुढे याच विद्यालयात शिकवीत. 1886 मध्ये रजेवर मायदेशी असताना, ख्रिस्ताचे नावही कानी न पडता मेलेल्यांना मरणोत्तर तारणाची संधी मिळू शकेल, या मताकडे त्यांनी कल दाखवला. एवढ्यावरून मिशन चालवणाऱ्या बॉस्टनच्या मंडळाने त्यांचे परतणे अडवून धरले! ज्यांचे सारे पूर्वज ‘न ऐकलेल्यां’त जमा, अशा नगरकरांपुढे रोज उभे राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता, हे मंडळाला उमगायला वेळ लागला. दुष्काळातील कामाबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. आजचे अहमदनगर कॉलेज मात्र त्यांचे नव्हे. ते 1947 मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी स्थापन केले. – संपा.