वर्गातील निरुपद्रवी खोड्या आणि शिक्षकाची सहिष्णुता : शैक्षणिक इतिहासातील काही दाखल्यांच्या आधारे

तास चालू असताना मागच्या बाकावरून मांजराचा आवाज निघतो, शिक्षकाचे तोंड फळ्याकडे वळताच कागदी विमान उडते, हजेरीच्या वेळी एकाच क्रमांकाला दोन कोपऱ्यांतून ‘हजर’ असे उत्तर येते. अशा प्रसंगी शिक्षकाने किती सहन करावे, हा प्रश्न प्राध्यापक-कक्षात वारंवार चर्चिला जातो आणि बहुधा स्वभावावर टाकून सोडून दिला जातो. कोणी कडक, कोणी मवाळ. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ‘निरुपद्रवी’ हे विशेषण कोणत्या कृतीला लावावयाचे, हे आजवर कोणाच्या दृष्टीने ठरत आले, याचा शोध घेतल्याखेरीज सहिष्णुतेची मर्यादा ठरविणे कठीण आहे, असे लेखकास वाटते.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा बहुधा टिळकांच्या टरफलांपासून सुरू होते. वर्गात शेंगांची टरफले पडलेली पाहून शिक्षकांनी ती उचलण्यास सांगितले असता, आपण शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफले उचलणार नाही, असे बाळ टिळकांनी सांगितले, ही कथा सर्वपरिचित आहे. शुद्धलेखनात ‘संत’ हा शब्द त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिला आणि शिक्षकांनी चूक दाखविताच वाद घातला, ही दुसरी. या कथा जपून वापरावयास हव्यात. सदाशिव विनायक बापट यांनी १९२० च्या दशकात टिळकांविषयीच्या स्मृती संकलित करून प्रसिद्ध केल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावातच ‘आठवणी’ आणि ‘आख्यायिका’ हे दोन्ही शब्द घातले. संकलकाचा हा प्रामाणिकपणा नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी फारसा पाळला नाही. बाणेदारपणाची ही उदाहरणे मुलगा पुढे लोकमान्य झाल्यामुळे बाणेदारपणाची ठरली. तसे झाले नसते तर ती उद्धटपणाची म्हणून विसरली गेली असती. ज्यांनी शेंगा खाल्ल्या त्या मुलांची नावे तर कोणालाच ठाऊक नाहीत.

तथापि कथा म्हणूनही त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोन्ही प्रसंगांत वर्गातील अन्य कोणत्याही विद्यार्थ्याचे काही बिघडले नव्हते. ओरखडा उमटला तो केवळ शिक्षकाच्या अधिकारावर. तरीही गुन्हा मानला गेला तो हाच.

याच्या उलट डेक्कन कॉलेजातील आठवणी पाहाव्यात. १८७० च्या दशकात तेथे शिकत असताना टिळकांनी व्यायामाचा ध्यास घेतला होता. वसतिगृहातील नाजूक प्रकृतीच्या, सतत औषधे घेणाऱ्या सोबत्यांच्या बाटल्या ते फेकून देत आणि त्यांना तालमीत येण्यास सांगत, अशा हकीकती चरित्रांतून कौतुकाने सांगितल्या जातात. त्यांचे ‘ब्लंट’ हे टोपणनावही त्याच काळातले. हेतू चांगला होता, याविषयी शंका नाही. परंतु ज्याची बाटली फुटली त्याला काय वाटले, हे विचारण्याची गरज कोणा चरित्रकारास भासली नाही. रॅगिंगला मनाई करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमात थट्टा-मस्करीचाही अंतर्भाव आहे आणि विद्यार्थ्याच्या मनात भीती, लाज वा संकोच उत्पन्न होणे ही कसोटी मानली आहे. म्हणजे कृती करणाऱ्याच्या हेतूपेक्षा ती सोसणाऱ्याच्या अवस्थेवर कायद्याने बोट ठेवले. टरफलांचा प्रसंग या व्याख्येत कोठेच बसत नाही. बाटल्यांचा मात्र बसू शकतो.

शिक्षकाचा अपमान आणि वर्गाचा अपाय यांतील हा फरक ज्यांनी नीट ओळखला, त्यांत भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेचे गिजुभाई बधेका यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो. दारे-खिडक्या लावून अंधार करताच मुले चित्रविचित्र आवाज काढू लागतात, कोणी पाय आपटते, कोणी टाळ्या वाजविते. फजिती पूर्ण होते. शिक्षक खिडक्या उघडतो, मुलांना सुट्टी देऊन टाकतो आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांची बोलणी खातो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास बसतो आणि तीच मुले निश्चल होऊन ऐकतात. कथा काल्पनिक असली तरी ती प्रत्यक्ष अध्यापनाच्या अनुभवातून आलेली आहे. मुलांचा गोंधळ हा आपल्या पाठाच्या आखणीवरचा अभिप्राय आहे, असे मानण्याचे धैर्य तीत आहे. याच गिजुभाईंच्या सहवासात ताराबाई मोडक यांनी भावनगरला काम केले आणि पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे बालशिक्षणाची तीच दृष्टी महाराष्ट्रात रुजविली. महाविद्यालयीन वर्गास बालवाडीचा न्याय लावता येणार नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः मान्य आहे. परंतु एकसुरी टिपणे सांगणाऱ्या तासाला अठरा वर्षांचा विद्यार्थी जांभई देतो तेव्हा तोही काही सांगतच असतो.

मात्र सर्वच गोंगाट शिक्षकाविरुद्ध नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असतानाचा एक प्रसंग धनंजय कीर यांनी आपल्या चरित्रग्रंथात (१९५४) दिला आहे. शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. त्यासरशी वर्गात एकच कल्लोळ उठला. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. अस्पृश्य मुलाच्या सान्निध्याने ते विटाळतील म्हणून मुले धावत सुटली आणि डबे बाजूला घेतल्यावरच त्यांना फळ्यापर्यंत जाता आले. बाहेरून पाहणाऱ्याला ही पोरांची धावपळच वाटली असती. कोणी शिक्षकाची आज्ञा मोडली नाही, नक्कल केली नाही, उलट उत्तर दिले नाही. शिस्तीच्या रूढ कोष्टकात हा प्रसंग कोणत्या रकान्यात घालावयाचा? त्यापूर्वी साताऱ्यास तर अशा आरडाओरड्याचीही आवश्यकता नव्हती. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावयाचे आणि शिपाई हजर नसेल तर तहानलेले राहावयाचे, ही तेथील व्यवस्था त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नोंदविली आहे. तो वर्ग, शिस्तीच्या दृष्टीने पाहता, अगदी शांत असेल.

या दाखल्यांवरून लेखकाचे मत असे बनले आहे की, आपल्या परंपरेत शिक्षकाच्या प्रतिष्ठेला धक्का देणारी खोडी, मग ती कितीही क्षुल्लक असो, गंभीर मानली गेली. आणि सहाध्यायाला खाली पाहावयास लावणारी खोडी पोरखेळ म्हणून खपली. सहिष्णुता कमी होती असे नव्हे, ती चुकीच्या जागी खर्च होत होती. कागदी विमान, मांजराचा आवाज, शिक्षकाच्या चालण्याची नक्कल यांकडे हसून दुर्लक्ष करण्याने फार काही जात नाही. (नक्कल चांगली वठली असल्यास तिला दाद देण्यासही हरकत नसावी.) हजेरीच्या वेळी एखाद्या आडनावानंतर पसरणारी कुजबुज मात्र त्या खात्यात जमा करता येणार नाही.

येथे एक स्वानुभव नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थ्यास मी उतारा वाचावयास उभे केले. त्याने ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा उच्चारला. मागे हशा पिकला, कोणीतरी त्याच सुरात तो शब्द पुन्हा म्हटला. मी ‘ण’ चा उच्चार दुरुस्त करून दिला आणि वाचन पुढे चालू ठेवावयास सांगितले. त्याने तो उतारा घाईघाईने संपविला. त्याच आठवड्यात मांजराचा आवाज काढणाऱ्या एकास मी तासाबाहेर घालविले होते. तो दुसऱ्या दिवशी हसतमुखाने परत आला आणि आजही भेटतो. वाचणारा विद्यार्थी वर्षअखेरपर्यंत नियमित हजर होता. प्रश्न विचारला की तो उभा राही, मान खाली घाली आणि मी ‘बस’ म्हणेपर्यंत एक अक्षर बोलत नसे.