वसई-विरारच्या प्राथमिक शाळा आणि बालमनाची निगा

'समुपदेशन' हा शब्द शाळांच्या कागदपत्रांत रुळला तो अलीकडच्या काळात. मुलाच्या मनाकडे लक्ष देणे हेही शाळेचे काम आहे, हा विचार मात्र आजच्या पालघर जिल्ह्यात त्याच्या पुष्कळ आधी रुजला होता. अडचणीत सापडलेल्या व्यक्तीचे म्हणणे प्रशिक्षित माणसाने शांतपणे ऐकून घेणे, तिला स्वतःची अडचण ओळखता यावी आणि तिच्यातून वाट काढता यावी यासाठी सोबत करणे, असा समुपदेशनाचा सर्वसाधारण अर्थ सांगता येतो. शब्दात 'उपदेश' असला तरी उपदेश करणे त्यात अभिप्रेत नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या व्याख्येला थोडी मुरड घालावी लागते, कारण एवढे लहान मूल आपली अडचण शब्दांत मांडू शकत नाही, ते ती वागण्यातून दाखवते: वर्गात गप्प बसते, शाळेची वेळ झाली की पोटात दुखते म्हणते, शेजारच्याला मारते, किंवा शाळेत येणेच सोडते. म्हणून प्राथमिक शाळेतील मानसिक आरोग्याचा इतिहास समुपदेशकाच्या नेमणुकीपासून सुरू करता येत नाही. मुलाचे वागणे वाचू शकणाऱ्या माणसापासून तो सुरू करावा लागतो, आणि या भागात असे माणूस म्हणजे बहुतेक वेळा बालवाडीची किंवा प्राथमिक शाळेची बाई होती.

हा विचार या पट्ट्यात दोन वाटांनी आला आणि दोन्ही वाटा मुंबईत सुरू होऊन एकाच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना रुजल्या. मुंबईहून उत्तरेकडे गुजरातला जाणारा हा मार्ग वसईवरून जातो. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेवर गाड्या धावू लागल्या. त्याच १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत ताराबाई मोडक यांनी 'शिशुविहार' सुरू केले, आणि त्याच साली नागपाड्याच्या 'नेबरहूड हाऊस'मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उघडले, जे १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. पहिली वाट पुढे बोर्डी आणि कोसबादला गेली, दुसरी मुंबईच्या रुग्णालयांत आणि सामाजिक संस्थांत स्थिरावली. वसई या दोन टोकांच्या मध्ये होती.

टाटा विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले, ते भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. केंद्राची मूळ कल्पना अमेरिकेतली. शिकागो येथे विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये बालगुन्हेगारांचा अभ्यास सुरू केला तेव्हा मुलाच्या वागण्यामागची कारणे त्याच्या घरात, वस्तीत आणि मनात एकत्र शोधावी लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले; त्यातून मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून एका मुलाकडे पाहण्याची पद्धत तयार झाली. यातील समाजकार्यकर्त्याचे काम सर्वांत कष्टाचे असे, कारण मुलाच्या घरी जाऊन, आईवडिलांशी आणि शेजाऱ्यांशी बोलून, शाळेतून माहिती घेऊन त्याचा सविस्तर पूर्वेतिहास तोच लिहून काढी. पद्धत चांगली होती, परंतु ती मुलाला केंद्रापर्यंत आणण्यावर उभी होती, आणि ज्या आईवडिलांना रोज बुडवणे परवडत नव्हते त्यांना हे आणणेच अवघड होते.

ताराबाईंची वाट नेमकी उलट दिशेने गेली. तिचे महत्त्व कळण्यासाठी आधीची शाळा आठवावी लागते. पंतोजीच्या शाळेपासून लोकल बोर्डाच्या शाळेपर्यंत छडी, अंगठे धरून उभे करणे, उठाबशा, कोंबडा करणे ही शिकवण्याचीच साधने समजली जात. मूल न शिकणे हा त्याच्या आळसाचा किंवा हट्टाचा पुरावा, असा सर्वमान्य समज होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले तेव्हा या समजाला पहिला मोठा धक्का बसला. इटलीतील मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षणपद्धतीचा आधार घेऊन त्यांनी शिक्षा आणि लालूच या दोन्ही गोष्टी वर्गाबाहेर ठेवल्या. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आणि राजकोटच्या अध्यापिका विद्यालयात काम केलेल्या ताराबाई तिथे त्यांच्या सहकारी झाल्या, आणि दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. बालवाडीच्या शिक्षिकेने मुलाला शिकवण्याआधी त्याचे निरीक्षण करावे, हा या परंपरेचा पहिला धडा. आज ज्याला बालमानसशास्त्र म्हणतात त्याचे पहिले व्यावहारिक रूप मराठी शिक्षिकांच्या हाती याच मार्गाने आले.

१९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी आल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. लहान वयात लग्न होऊन थोड्याच काळात वैधव्य आलेल्या आणि पुढे स्वतःच्या जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तिच्यात आपण होऊन येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि तिला 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हेच नाव देशभर नेले. माँटेसरीची महाग लाकडी साधने खेड्याला झेपणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, गोटे, पाने यांनी मोजणी आणि रंगओळख होऊ लागली. दिवसाची सुरुवात मात्र मोजणीने होत नसे. आलेल्या मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, डोके विंचरणे हे पहिले काम असे, आणि त्यात शिक्षिकेचा बराच वेळ जाई. वरवर पाहता हे केवळ स्वच्छतेचे काम होते. पण ज्या मुलाला शाळेतला माणूस म्हणजे दुरून दटावणारा माणूस एवढेच माहीत होते, त्याच्या केसांतून रोज सकाळी त्याच माणसाचा हात फिरू लागला की मूल हळूहळू बोलू लागते. मुलाचा विश्वास मिळाल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही, ही समुपदेशनाची पहिली पायरी या न्हाणीघरात रोज पार होत होती.

१९५७ मध्ये केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले आणि प्रश्न अधिक कठीण झाले. वारली मुले शाळेत येत नसत, कारण मोठ्या मुलांना गुरे राखायची असत आणि मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत. ही गैरहजेरी दोष म्हणून नोंदवण्याऐवजी ताराबाई आणि अनुताईंनी तिच्यामागची कारणे पाहिली: गुरे जिथे चरतात तिथे जाऊन भरणारी ती 'कुरणशाळा', आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला वर्गात बसता येईल अशी केलेली सोय म्हणजे 'विकासवाडी'. मुलाची अडचण मुलात नसून त्याच्या दिवसाच्या रचनेत आहे, हे ओळखून शाळेची रचना बदलणे, यापेक्षा मोठे मानसिक आरोग्याचे काम प्राथमिक शाळेला करता येण्यासारखे नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचे बालशिक्षणातील कार्य सर्वत्र वाखाणले गेले. परंतु हे मानसिक आरोग्याचेही काम होते, ही ओळख त्याला फारशी मिळाली नाही, आणि शाळेतील मानसिक आरोग्याची धोरणे आखताना कोसबादचा दाखला क्वचितच दिला गेला.

याच काळात सरकारी यंत्रणेत 'मार्गदर्शन' हा वेगळा शब्द घडत होता. मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे स्वतंत्र कार्यालय सुरू केले, आणि त्या नावातच पुढची दिशा ठरून गेली: मार्गदर्शन म्हणजे शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावरच्या मुलाने कोणता अभ्यासक्रम घ्यावा याचा सल्ला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मार्गदर्शनाची सुरुवात प्राथमिक शाळेच्या सर्वांत खालच्या वर्गापासून व्हावी असे स्पष्ट लिहिले. पण प्रत्यक्ष तज्ज्ञाची व्यवस्था सुचवताना दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक, एवढीच किमान मर्यादा त्याने ठेवली. शिफारशीचा पहिला भाग कागदावर राहिला आणि दुसराही फार थोड्या ठिकाणी उतरला. महाराष्ट्रात २०१६ मध्ये सुरू झालेली कलचाचणी दहावीच्या मुलांसाठी होती आणि राज्य शिक्षण मंडळाचे समुपदेशक दूरध्वनीवर उपलब्ध असतात तेही दहावी-बारावीच्या परीक्षांच्या हंगामात. परीक्षेची भीती खरी आहे, तिच्यासाठी माणूस हवाच. तरी पहिलीतल्या मुलाची भीती परीक्षेच्या वेळापत्रकात बसत नाही म्हणून ती यंत्रणेला दिसली नाही, ही मोठी चूक होती असेच म्हणावे लागते.

वसई तालुक्यातील प्राथमिक शाळा आधी लोकल बोर्डाच्या, १९६२ पासून ठाणे जिल्हा परिषदेच्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा झाल्यावर पालघर जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत होत्या. जोडीला चर्चच्या आणि खासगी संस्थांच्या शाळा होत्याच. येथील शिक्षकाला मुलाचे मन वाचण्यात पहिला अडसर येई तो भाषेचा. पश्चिम पट्टीतल्या मुलाच्या घरी सामवेदी, म्हणजेच कादोडी, किंवा वाडवळी, आगरी, कोळी बोली, पूर्वेकडच्या पाड्यांवर वारली बोली, आणि पुस्तकात मात्र प्रमाण मराठी. पहिल्या दिवशी घरातले शब्द हसण्यावारी गेले की मूल पुढे कित्येक महिने तोंड उघडत नाही. अशा मुलावर 'मंद' असा शिक्का बसत असे, आणि तो पुसणे पुढच्या शिक्षकाला जड जाई.

वीटभट्टीवरील मुलांची स्थिती याहून बिकट होती. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. आधी घेतलेली उचल फेडायची असते म्हणून लहान मुलेही विटा पलटण्याच्या कामाला लागतात. भट्टीशेजारी कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून उभारलेल्या तात्पुरत्या झोपडीला 'भोंगा' म्हणतात, तिच्यात माणूस जेमतेम वाकून शिरू शकतो. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या आणि वसई तालुक्यातील उसगाव येथून काम करणाऱ्या विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात या मुलांसाठी शाळा भट्टीवरच सुरू केली आणि तिला भोंगाशाळा हे नाव दिले. कुरणशाळेशी तिचे नाते नुसते नावापुरते नाही. दोन्हीकडे शाळा मुलाच्या मागे गेली, आणि वर्षातून दोनदा घर, सवंगडी व शिक्षक तुटणाऱ्या मुलाला दिवसातून काही तास तरी ठरावीक जागा, ओळखीचा चेहरा आणि स्वतःच्या नावाने हाक मारणारे माणूस मिळाले. स्थलांतरित मुलाला मानसिक आधाराची पहिली गरज हीच असते.

३ जुलै २००९ रोजी विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर व वसई या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती. महापालिका झाली तरी प्राथमिक शाळा दीर्घकाळ जिल्हा परिषदेकडेच राहिल्या, आणि खेड्याच्या मापाने बेतलेल्या शाळेला महानगराच्या मुलांचे प्रश्न हाताळावे लागले. पहाटेच्या लोकलने आईवडील निघून जातात, मूल शेजारणीच्या किंवा मोठ्या बहिणीच्या भरवशावर शाळेत येते, भाड्याची खोली बदलली की शाळा बदलते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई केली, हा पंतोजीच्या छडीपासून सुरू झालेल्या वाटेवरचा मोठा टप्पा होय. त्याच कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांमागे दोन शिक्षक, खोल्या, स्वयंपाकघर, पाणी, मैदान, ग्रंथालय यांची मोजदाद आहे; समुपदेशक त्यात नाही.

२०१० मध्येच राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, म्हणजे वर्षाच्या शेवटी एका परीक्षेने नव्हे तर वर्षभराच्या निरीक्षणाने मुलाची प्रगती ठरवण्याची पद्धत. तिच्या प्रगतिपत्रकात 'विशेष प्रगती', 'आवड व छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे रकाने असतात आणि शिक्षकाने त्यांत गुणांऐवजी वाक्ये लिहायची असतात. निरीक्षण हा बालवाडीचा पहिला धडा या रकान्यांतून सरकारी शाळेत पोहोचला, हे नोंदवायला हवे. तथापि चाळीस मुलांच्या वर्गात, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे सांभाळून ही वाक्ये लिहायची असल्याने ती ठरावीक साच्यात पडतात. 'चित्रे काढण्यात रमतो' हे वाक्य अनेक मुलांच्या नावापुढे सारखेच दिसते, आणि एखादे मूल एकाच रंगाने एकच घर का काढते आहे, हे लिहायला रकान्यात जागा उरत नाही.

शाळेबाहेरची मदत मात्र १९९० पासून वाढत गेली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून १९९६ मध्ये सुरू झालेली १०९८ ही बालसाहाय्य वाहिनी, १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभारलेली मानसिक आरोग्य संस्था, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालणारी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ही त्यातली ठळक नावे. मार्च २०२० पासून करोनाच्या साथीत लहान मुलांच्या शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या. ज्यांचे घर म्हणजे चाळीतली एक खोली होती ती मुले वर्गात आली तेव्हा दुसरीत बसलेल्या पुष्कळांनी शाळा प्रथमच पाहिली.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या प्रकरणात देशव्यापी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करून ठेवावी, असे ठरले. १९३७ च्या केंद्रात मुलाच्या घरी जाणारा समाजकार्यकर्ता या यादीत पुन्हा आला आहे. तालुक्याच्या पूर्वेकडील पाड्यांवरच्या दोन-तीन शिक्षकी शाळांचा पट शंभराच्या खाली असतो. त्यांच्यासाठी दुसरी तरतूद लागू होते, आणि तेथे मुलाला तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही हे ठरवणारी पहिली व्यक्ती आजही सकाळी हजेरी घेताना कोणते मूल तीन दिवसांपासून 'हजर' म्हणण्याऐवजी नुसता हात वर करते आहे, ते पाहणारी बाईच आहे.