पाठमोरा माणूस

बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. बाप बसला तरी लोक बोलतात, मुलगा बसला तरी बोलतात, दोघे पायी चालले तरी हसतात. शेवटी गाढवच हातचे जाते. आपल्याकडे तिचे तात्पर्य एका म्हणीत सांगतात : ऐकावे जनाचे, करावे मनाचे. भूपेन खख्खर यांनी 1981 साली ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या तैलचित्रात हीच गोष्ट रंगवली. पण त्यात एक माणूस जास्तीचा आहे. सज्जात, कठड्याशी तो नग्न उभा राहून खाली घडणारी गोष्ट पाहतो आहे, आपल्याकडे पाठ करून. हा माणूस म्हणजे खुद्द चित्रकारच, असे अभ्यासक मानतात.

आत्मकथन करणारा माणूस समोर तोंड करून उभा राहतो. हा पाठमोरा का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

खख्खर 1934 साली मुंबईत जन्मले, खेतवाडीत वाढले, चार्टर्ड अकाउंटंट झाले. 1962 साली ते बडोद्याला गेले, तिथे कलासमीक्षा शिकले आणि हिशेबनिसाची नोकरी सांभाळून चित्रे काढत राहिले. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आणि ‘डीलक्स टेलर्स’ ही 1972 ची चित्रे पाहा. घड्याळजी, शिंपी, दुकानाची पाटी हीच माणसाची ओळख. अमूर्त चित्रकलेचा दबदबा असताना अशी साधी माणसे कॅनव्हासवर आणणे हे धाडसच होते. मात्र इतरांच्या ओळखी रंगवणाऱ्याची स्वतःची ओळख चित्राबाहेर राहिली होती. त्यांचे प्रेम पुरुषांवर होते. घरात त्याविषयी बोलण्याची सोय नव्हती आणि कायद्याच्या कलम 377 नुसार तो गुन्हा होता.

हे ध्यानात घेतले की पाठीचा अर्थ उलगडतो. तो लोकांना तोंड देतो आहे, म्हणून आपल्याला पाठमोरा आहे. आपण त्याच्या मागे उभे राहतो आणि ‘जन’ त्याला दिसतात तसे आपल्यालाही दिसू लागतात. नग्न माणसाकडे बघायला आलेल्या आपल्याला चित्रकाराने त्याच्याच जागी नेऊन उभे केले आहे.

पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’मध्ये दोन नग्न पुरुष एकमेकांच्या मिठीत आले. सज्जातला माणूस आता एकटा उरला नव्हता.

खख्खर 2003 साली गेले. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले ते 2018 साली. चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. ‘करावे मनाचे’ ही म्हण आपण सहज वापरतो. ती वापरताना आता मला तो कठडा आठवतो : मनाचे करण्यासाठी एखाद्याला आधी अंगावरचे सगळे उतरवून लोकांसमोर उभे राहावे लागते.