सेवाग्रामचे कलाशिक्षक देवीप्रसाद

महात्मा गांधींच्या नई तालीमचा विषय निघाला की चरखा आठवतो. कुंभाराचे चाक मात्र सहसा विस्मृतीत जाते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळील सेवाग्रामात कलाशिक्षक म्हणून आले. ते चित्रकारही होते, परंतु मातीने त्यांना आजन्म बांधून ठेवले. बालकाच्या हातांना निर्मितीचा आनंद लाभला, तर मनात हिंसेला थारा मिळत नाही, अशी त्यांची धारणा होती. अहिंसा केवळ प्रवचनांनी रुजत नाही, हेच खरे! १९६२ साली एका युद्धविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस म्हणून ते लंडनला गेले. त्या व्यापातही मातीची ओढ ओसरली नाही. १९८३ मध्ये मायदेशी परतल्यावर ते दिल्लीत पुन्हा भांडी घडवू लागले. २०११ साली त्यांचे देहावसान झाले.