काळ मागे फिरतो, इतिहास फिरत नाही

मागच्या वेळी आपण लाइबनिट्सपाशी थांबलो होतो. शक्य विश्वं अनेक, त्यांतलं सर्वोत्तम ते ईश्वराने निवडलं, असं त्याने १७१० साली मांडलं. आज मी तुम्हाला एकदम जपानात नेणार आहे, आणि तेही एका संगणकीय खेळाकडे. हसू नका, विषय तोच आहे.

'यू-नो' हा खेळ एल्फ कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये पीसी-९८ या जपानी संगणकासाठी काढला. प्रकार व्हिज्युअल नॉव्हेलचा: चित्रं, संगीत, वाचायचा मजकूर, आणि मधूनमधून निर्णय आपण घ्यायचा. मूळ खेळ प्रौढांसाठी होता, हेही सांगून टाकतो. नायक ताकुया अरिमा. वडील इतिहासकार; ते वारले असं सगळे धरून चाललेत. अशात त्यांच्याकडून त्याला एक यंत्र पोचतं. यंत्रासोबत रत्नं. एखाद्या क्षणी रत्न ठेवलं, की पुढून त्या क्षणाला परतता येतं.

यात नवं काय? खेळ 'सेव्ह' करण्याची सोय आधीही होती. पण ती कथेबाहेरची. लेखक हिरोयुकी कान्नो यांनी ती सोयच कथेत आणली. रत्नं मोजकी, त्यामुळे ती कुठे ठेवायची याचा विचार करावा लागतो. फाट्यांचा नकाशा पडद्यावर उमटतो. आणि एका शाखेत मिळालेली वस्तू दुसऱ्या शाखेतली अडचण सोडवते. म्हणजे फसलेली वाटही फुकट जात नाही.

खेळातल्या इतिहासकाराचा सिद्धान्त असा, की काळ उलटवता येईल, इतिहास नाही. मागे गेलात तरी घडलेलं पुसलं जात नाही. शेजारी आणखी एक फांदी फुटते, एवढंच. भौतिकीत ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली अनेक विश्वांची वाट उघडली. आपल्याकडे नारळीकरांनी गंगाधरपंतांना दुसऱ्याच पानिपतात नेऊन सोडलं.

आता पुनर्निर्मिती. मार्च २०१७ मध्ये मेजेस कंपनीने प्लेस्टेशन ४ आणि व्हिटासाठी 'यू-नो' नव्याने काढला. चित्रं नवी, संगीताची मांडणी नवी. पण कान्नो आणि संगीतकार र्‍यू उमेमोतो, दोघेही २०११ मध्येच गेले होते. कान्नो ४३ वर्षांचे, उमेमोतो ३७ वर्षांचे.

मला इथे थांबावंसं वाटतं. पुनर्निर्मिती म्हणजे तरी काय? १९९६ पाशी ठेवलेल्या रत्नाकडे परतणंच की! परतता आलं, पण ज्यांनी ते रत्न ठेवलं, ते तिथे नव्हते. त्या इतिहासकाराचा सिद्धान्त खेळाच्या बाहेरही खरा ठरला. मग जुना खेळ पुसला गेला का? नाही. नवी फांदी फुटली. दोन्हींची तुलना करणारे वाचक आहेत तोवर दोन्ही जिवंत आहेत.

माझ्या वयाला 'तेव्हा तसं केलं असतं तर' हा प्रश्न रोज पडतो. तो सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. त्या न घेतलेल्या वाटेवरून काही हाती घेऊन आजच्या वाटेवर येता आलं, तर तो प्रश्न कामाचा.

पुढच्या वेळी डेव्हिड लुईस. ही सगळी विश्वं खरोखरच आहेत, असं म्हणणारा माणूस!