गोदातीरीची गर्भिणी-परिचर्या

पैठणचा इतिहास सांगताना सातवाहनांची नाणी, पश्चिमेच्या बंदरांशी चाललेला व्यापार आणि पुढच्या काळातील धर्मनिर्णय यांकडेच अभ्यासकांचे लक्ष साहजिकपणे जाते. परंतु ज्या प्रतिष्ठाननगरीच्या हाल राजाच्या नावे ‘गाथासप्तशती’ हे प्राकृत संकलन प्रसिद्ध आहे, तेथील गाथांत राजांपेक्षा खेड्यापाड्यांतील स्त्रियांचाच वावर अधिक आहे, आणि त्यांतील एका गाथेत दरिद्री घरची एक गर्भवती, पतीची ओढाताण होऊ नये म्हणून, डोहाळे कसले लागले असे पुन्हा पुन्हा विचारले असताही केवळ पाणीच मागते. गर्भिणीच्या ठायी दोन हृदये असतात, सबब तिची इच्छा अव्हेरू नये, असे वैद्यकाचे सांगणे असताना ही स्त्री आपली इच्छाच लपविते. गर्भवतीच्या औषधपाण्याचा इतिहास केवळ वैद्यांच्या ग्रंथांवरून लिहिता येत नाही, असे मला वाटते ते हिच्यामुळे.

ग्रंथांचा अभिप्राय मात्र विलक्षण स्वच्छ आहे. काठोकाठ तेलाने भरलेले पात्र हिंदकळू न देता न्यावे तसे गर्भिणीला सांभाळावे, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. तिला औषध द्यावयाचे ते मृदू, मधुर, शीतल आणि सुखावह असावे, वमन-विरेचनादी उग्र शोधने तिच्यावर करू नयेत, तिचे रक्त काढू नये. परंतु त्याच ठिकाणी चरक असेही सांगतो की, व्याधी प्राणावर बेतणारी असेल तर आठव्या महिन्यापासून हीच शोधने सौम्य रूपाने करावीत. या अपवादाचे महत्त्व माझ्या मते मूळ नियमाहून कमी नाही, कारण गर्भ राखावयाचा म्हणून आजारी स्त्रीला तशीच सोडून द्यावी, असे त्या शास्त्राने कधीही म्हटले नाही. हे वैद्यक पैठणच्या आसमंतात अपरिचित नव्हते. येथून फार दूर नसलेल्या देवगिरीच्या यादवांच्या पदरी तेराव्या शतकात श्रीकरणाधिप असलेल्या हेमाद्रीने, राज्याच्या दप्तराचा भार वाहत असतानाच, वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली.

स्तनपानाविषयी सुश्रुताचा विचार तर आजच्या औषधशास्त्रज्ञालाही मान्य व्हावा. बालक केवळ दुधावर असेल तर औषध त्याच्याबरोबर दूध पाजणारीलाही द्यावे, दूध आणि अन्न दोन्ही घेणारे असेल तरी दोघांनाही द्यावे, आणि अन्न खाणारे झाले म्हणजे ते एकट्या बालकाला द्यावे. मात्राही तशीच, महिन्यावरील तान्ह्याला बोटाच्या दोन पेरांवर मावेल इतकी, पुढे बोराच्या आठोळीएवढी, मग बोराएवढी. आईच्या पोटात गेलेले द्रव्य दुधावाटे मुलाकडे पोचते, हा सिद्धांत यात गृहीतच धरलेला आहे. आमच्या घराघरांतील बाळगुटीनेही मात्रेचा हाच हिशेब सांभाळला. सहाणेवर आईच्या दुधात हळकुंड, मुरुडशेंग, अतिविष, जायफळ उगाळताना आजी वळसे मोजते आणि मूल वाढेल तसे ते वाढविते.

परंतु याच सहाणेवर अफूही उगाळली गेली, हे लपवून चालणार नाही. मराठी मुलखात कामावर जाणाऱ्या आईचे मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूचा कण चाटविण्याची चाल होती. मुंबईच्या गिरणगावात ती ‘बाळगोळी’च्या रूपाने विकत मिळे. १८९३ साली नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे तान्ह्यांना अफू देण्याविषयी साक्षी झाल्या, आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगालाही त्याच चालीची दखल घ्यावी लागली. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या पैठणात काय किंवा पलीकडच्या तीरावरील इंग्रजी अमदानीत काय, अफू ही आबकारीची, म्हणजे सरकारी वसुलाची जिन्नस होती. मातांना निष्ठुर ठरविणे मला अन्यायाचे वाटते. मूल सांभाळावयास कोणी नाही आणि मजुरी बुडविण्याची मुभा नाही, अशा पेचातून ती गोळी घरात आली. तिने मुलाचा श्वास मंदावे आणि कधी थांबेही.

नव्या औषधांच्या युगाने हा धोका संपविला असे समजणाऱ्यांना १९६१ सालाने जागे केले. जर्मनीत १९५७ पासून निर्धोक म्हणून विकले गेलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गर्भारपणातील मळमळीवरही दिले जात होते. त्यामुळे जगभर दहा हजारांहून अधिक मुले हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली, तेव्हा ते बाजारातून काढले गेले. आपल्या देशात गर्भ आहे की नाही हे पाहण्यासाठी दिल्या जाणाऱ्या तीव्र संप्रेरकांच्या मिश्रणावर दीर्घ लढ्यानंतर १९८८ साली बंदी आली. आणि अफूपासूनच निघणारे, खोकल्याच्या व वेदनेच्या औषधांत असणारे कोडीन अंगावर पाजणाऱ्या मातेने घेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामकांनी २०१७ साली दिला.

अशा वार्तांनी धास्तावलेली कुटुंबे आता उलट टोकाला जातात, आणि दिवस गेल्याचे कळताच फेफऱ्याची गोळी परस्पर बंद करतात. त्या रोगावरील व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक आहे हे खरे. तथापि एकाएकी औषध तोडल्याने येणारा झटका आई आणि गर्भ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो, म्हणून औषध बदलावयाचे ते वैद्याच्या सल्ल्याने, आणि होईल तो गर्भधारणेपूर्वीच. क्षयाचे नेहमीचे उपचार घेणाऱ्या मातेनेही ते सोडण्याचे कारण नाही. दुधात उतरणारा औषधाचा अंश अल्प असतो, आणि जागतिक आरोग्य संघटना तिला मुलाला अंगावर पाजत राहण्यासच सांगते.