हृदयविकाराची यादी आणि यादीबाहेरची माणसे

१/८
वरवर धडधाकट दिसणारा तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळतो. अशा काही मृत्यूंमागे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा विकार असतो. तो बहुधा आनुवंशिक असतो. त्याचे जनुकीय निदान कसे घडले आणि कुठे चुकले, त्याचा हा इतिहास.

२/८
१९८९ साली कॅनडातील एका मोठ्या फ्रेंचभाषक कुटुंबाच्या अभ्यासातून या विकाराचा माग १४ व्या गुणसूत्रापर्यंत लागला. १९९० मध्ये दोषी जनुकही सापडले. पुढे ‘रोगकारक’ बदलांची यादी वाढत गेली आणि तिच्या आधारे रुग्णांच्या नातेवाइकांचीही तपासणी होऊ लागली.

३/८
रुग्णात आढळलेला बदल निरोगी लोकांत सापडला नाही, तर त्याच्यावर संशय बळावे. मात्र तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक थोडे, आणि बहुतांशी युरोपीय वंशाचे होते.

४/८
२०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ही यादी पुन्हा तपासली. तिच्यातील काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांत इतके सर्रास आढळले, की ते या विकाराचे कारण असणे संभवत नव्हते. तरीही आफ्रिकी वंशाच्या काही रुग्णांना तसे अहवाल दिले गेले होते. मूळ तुलनेत थोडे जरी कृष्णवर्णीय असते, तरी ही चूक टळली असती.

५/८
अशी चूक एका व्यक्तीपुरती राहत नाही. रुग्णातील निरुपद्रवी बदलावर ठपका ठेवला, की तो बदल नसलेल्या भावाला ‘तुला धोका नाही’ असे सांगितले जाऊ शकते. खरे कारण मात्र त्याच्याही शरीरात असू शकते.

६/८
उलट बाजूही आहे. ‘एमवायबीपीसी३’ जनुकातील २५ अक्षरे गळण्याचा बदल दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत असतो. त्याचा हृदयस्नायूच्या विकारांशी संबंध असल्याचे २००९ मध्ये भारतीय संशोधकांच्या प्रमुख सहभागाने झालेल्या अभ्यासात दिसले. तो असला की रोग होतोच असे नाही. पण केवळ युरोपीय नमुने पाहिले असते, तर तो नजरेस पडणेही कठीण होते.

७/८
आता असंख्य बारीक बदलांची बेरीज करून मधुमेह, हृदयविकार यांच्या जोखमीचे गुणांक काढतात. त्यातील अनेक बदल रोगाचे कारण नसून कारणाजवळची खूण असतात. आणि खूण व कारण यांची सोबत प्रत्येक लोकसमूहाच्या इतिहासानुसार बदलते. २००९ मध्ये अशा अभ्यासांतील ९६ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. २०१९ च्या एका विश्लेषणात या गुणांकांची अचूकता युरोपीयांच्या तुलनेत दक्षिण आशियाईंत ३७ टक्के, पूर्व आशियाईंत ५० टक्के आणि आफ्रिकी वंशीयांत ७८ टक्के कमी भरली.

८/८
भारतात २०२० साली ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प सुरू झाला. सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. पण नुसती अक्षरे वाचून जोखीम कळत नाही. कोणाला कोणता आजार कोणत्या वयात झाला, याची नोंद त्यांच्याशी जोडावी लागते. पहिल्या यादीत निरोगी माणसांची निवड अपुरी पडली होती. नव्या यादीत रुग्णांच्या नोंदी अपुऱ्या पडल्या, तर अहवाल पुन्हा चुकतील.